दुकानात ‘माल संपला’ का होतो? लातूरच्या तूरडाळीतून समजून घ्या सप्लाय चेन

ॲपमध्ये एखादी वस्तू शोधली आणि तिच्याखाली राखाडी अक्षरात ‘आउट ऑफ स्टॉक’ दिसलं, की आपण दुसरं ॲप उघडतो. तिथंही नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात जातो. दुकानदार सांगतो, वरूनच माल येत नाही. पण हे ‘वरून’ म्हणजे नेमकं कुठून? आणि तिथं असं काय होतं, की आपल्या गल्लीतल्या दुकानातली बरणी रिकामी पडते?

आजच्या लेखात हेच बघू. मी मूळचा औशाचा, आणि सध्या दुकानांचा स्टॉक सांभाळणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम करतो. त्यामुळे या साखळीची दोन्ही टोकं मला रोज दिसतात. एका टोकाला शेतातली तूर आणि दुसऱ्या टोकाला स्क्रीनवरचा आकडा. उदाहरण म्हणून आपण तूरडाळच घेऊ, कारण टंचाई आणि भरमार हे दोन्ही खेळ तिनं आपल्या भागाला दोन वर्षांत दाखवले आहेत.

आधी डाळीचा प्रवास बघा

औसा तालुक्यात तूर बहुतेक करून सोयाबीनमध्ये आंतरपीक म्हणून घेतात. पेरणी जून-जुलैमध्ये, काढणी डिसेंबर-जानेवारीत. म्हणजे पीक हातात यायला साधारण साडेपाच-सहा महिने. तिथून पुढे असं होतं:

१. शेतकरी तूर गावातल्या खरेदीदाराला देतो किंवा लातूरच्या आडत बाजारात नेतो. तिथं सौदा होतो, काटा होतो, पट्टी हातात पडते.
२. बाजारातून तूर डाळमिलमध्ये जाते. तिथं ती चाळून साफ करतात, टरफल सुटावं म्हणून तेल-पाणी लावून वाळवतात, मग भरडून डाळ वेगळी काढतात. एक क्विंटल तुरीतून साधारण ७० किलो डाळ निघते. बाकी चुनी आणि टरफल जनावरांच्या खाद्यात जातं.
३. मिलमधून डाळ ठोक व्यापाऱ्याकडे. तो फक्त लातूरचा नसतो. मुंबई, पुणे, हैदराबाद, कुठलाही असतो.
४. ठोक व्यापाऱ्याकडून किराणा दुकान, सुपरमार्केट किंवा ॲपचं गोदाम.
५. आणि शेवटी तुमच्या घरचा, मेसचा किंवा हॉटेलचा कुकर.

गंमत बघा. औशाची तूर लातूरला जाते आणि डाळ होऊन, पाकिटात बसून परत औशातच विकायला येते. पण येताना ती औशाचा भाव घेऊन येत नाही, देशाचा भाव घेऊन येते. म्हणून ‘आमच्याकडेच पिकते, मग आमच्याकडे महाग का?’ या प्रश्नाला फारसा अर्थ उरत नाही. डाळमिलच्या दारात राहणाऱ्यालाही दिल्लीवाल्याच्या आसपासचाच भाव द्यावा लागतो.

टंचाई तीन प्रकारची असते

दुकानदाराकडे माल नाही, एवढं कळून उपयोग नाही. का नाही, हे कळलं तर पुढं काय होणार याचा अंदाज येतो.

*पहिला प्रकार: माल पिकलाच नाही.* २०१४ आणि २०१५ ही लागोपाठ दोन वर्षं देशात मॉन्सून कमी झाला. २०१४ मध्ये सरासरीपेक्षा १२ टक्के आणि २०१५ मध्ये १४ टक्के कमी. २०१५ मध्ये मराठवाड्यात तर तूट सुमारे ४० टक्के होती. त्याच दुष्काळात एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, हे तुम्हाला आठवत असेल. देशातलं तुरीचं उत्पादन २०१३-१४ मध्ये सुमारे ३१.७ लाख टन होतं. ते २०१४-१५ मध्ये २८.१ लाख टनांवर आणि २०१५-१६ मध्ये २५.६ लाख टनांवर आलं.

*दुसरा प्रकार: माल आहे, पण वाटेत अडकलाय.* मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा गोदामांत धान्य होतं. पण ट्रकचे ड्रायव्हर, हमाल आणि पॅकिंग करणारी माणसं जागेवर नव्हती. शिवाय हॉटेलची साखळी आणि घरची साखळी वेगळी असते. हॉटेलला ३० किंवा ५० किलोची गोणी लागते, घराला एक किलोचं पाकीट. हॉटेलं बंद पडली आणि सगळे घरी जेवू लागले. डाळ तीच होती, पण ती पाकिटात भरायला वेळ लागला. दुसरं उदाहरण परदेशातलं. भारत म्यानमार, मोझांबिक, टांझानिया, मलावी अशा देशांतून तूर आणतो. २०२३ च्या शेवटी भारताकडे निघालेली तूर मोझांबिकच्या बंदरात अडकली आणि तिची चर्चा इथल्या बाजारात झाली.

*तिसरा प्रकार: माल आहे, पण कुणीतरी धरून ठेवलाय.* व्यापाऱ्याला वाटलं की भाव अजून वाढणार, तर तो आज विकत नाही. तुम्हा-आम्हाला वाटलं की उद्या मिळणार नाही, तर आपण आज दुप्पट घेतो. दोघंही एकच काम करतात, फक्त गोदामाचा आकार वेगळा.

ऑक्टोबर २०१५ मध्ये पहिला आणि तिसरा प्रकार एकत्र आले. तूरडाळ किरकोळ बाजारात किलोला २०० रुपयांच्या आसपास गेली. केंद्र सरकारनं साठ्याची मर्यादा आयातदार, प्रक्रिया करणारे आणि मोठ्या दुकानांनाही लावली. राज्याराज्यांत छापे पडले. त्यांत जप्त झालेल्या डाळींचा सगळ्यात मोठा वाटा महाराष्ट्रातला होता.

मेसमधलं वरण पातळ का झालं

तेव्हा मी लातुरात अकरावीला होतो. बाहेरगावची हजारो पोरं शिकायला लातूरला येतात आणि त्यांचं पोट मेसवर चालतं. मेसचं गणित साधं आणि अवघड असतं. महिन्याचा दर जूनमध्ये ठरतो, आणि डाळीचा भाव ऑक्टोबरमध्ये वाढतो. मधेच दर वाढवला तर पोरं दुसरी मेस बघणार.

अशा वेळी जेवण विकणाऱ्यासमोर चारच रस्ते असतात. दर वाढवायचा, वाढप कमी करायचं, पदार्थ बदलायचा किंवा पदार्थच बंद करायचा. आमच्या मेसनं मधले दोन निवडले. वरण पातळ झालं, आणि आठवड्यातले दोन-तीन दिवस मसूर किंवा मूग आला. पोरं कुरकुरली, पण मेस चालू राहिली. नंतर मी हिशेब करून बघितला. शंभर पोरांच्या मेसमध्ये प्रत्येकी दिवसाला ६० ग्रॅम डाळ धरली तर महिन्याला १८० किलो होते. किलोमागं १०० रुपये वाढले, तर महिन्याला १८,००० रुपये जादा. लहान मेसचा सगळा नफा एवढ्यात जाऊ शकतो.

मोठी कंपनी मात्र चौथा रस्ता निवडते. जुलै २०२३ मध्ये टोमॅटो महागले तेव्हा उत्तर आणि पूर्व भारतातल्या मॅकडोनाल्ड्सच्या अनेक दुकानांत बर्गरमधून टोमॅटोच काढून टाकला होता. आपल्या दर्जात बसणारे टोमॅटो पुरेसे मिळत नाहीत, असं कारण कंपनीनं दिलं. मेसवाल्या काकू बाजारात जाऊन थोडा मऊ टोमॅटोही घेतात आणि त्याची चटणी करतात. साखळी दुकानांना ठरलेल्या आकाराचा, ठरलेल्या कडकपणाचाच टोमॅटो चालतो. नियम जितके कडक, तितकी टंचाई लवकर जाणवते.

जेवण मागवायच्या ॲपमध्येही हेच दिसतं. हॉटेलवाला आपल्या फोनवर त्या पदार्थापुढचं बटण बंद करतो आणि तुमच्या स्क्रीनवर ‘सध्या उपलब्ध नाही’ येतं. कच्चा माल संपला, महाग पडतोय की करणारा आचारी सुट्टीवर गेलाय, हे ॲपला माहीत नसतं. तिन्हीसाठी बटण एकच.

सॉफ्टवेअर स्टॉक कसा मोजतं

आता माझ्या कामाची गोष्ट. बहुतेक दुकानांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘रिऑर्डर लेव्हल’ नावाचा एक आकडा असतो. स्टॉक या आकड्यावर आला की नवी ऑर्डर लावायची. सूत्र असं:

रिऑर्डर लेव्हल = रोजची विक्री × माल यायला लागणारे दिवस + राखीव साठा

समजा, एका दुकानात रोज १० किलो तूरडाळ विकली जाते, माल यायला ५ दिवस लागतात आणि दोन दिवसांची विक्री, म्हणजे २० किलो, राखीव ठेवायची आहे. मग आकडा येतो १० × ५ + २० = ७० किलो. आठवड्याला ७० किलो विकायचे, ७० किलो मागवायचे. सगळं सुरळीत.

आता कुणीतरी ग्रुपवर मेसेज टाकला, ‘डाळ ३०० रुपये होणार, आत्ताच भरून ठेवा.’ लोक आठवडाभर दुप्पट घेतात. रोजची विक्री २० किलो. सॉफ्टवेअर निमूटपणे नवं गणित करतं: २० × ५ + ४० = १४० किलो. म्हणजे दुकानदाराला विकलेले १४० किलो भरून काढायचे आहेत, आणि वर साठाही ७० किलोंनी वाढवायचा आहे. ऑर्डर जाते २१० किलोंची. विक्री दुप्पट झाली, पण ऑर्डर तिप्पट झाली.

ही ऑर्डर ठोक व्यापाऱ्याकडे येते. तो एका आठवड्याची विक्री साठ्यात ठेवतो असं धरू. त्याची विक्री ७० वरून २१० झाली. म्हणून तो मिलकडे २१० अधिक साठ्यासाठीचे १४०, असे ३५० किलो मागतो. नेहमीच्या पाचपट!

लक्षात घ्या, या सगळ्यात लोकांनी एक चमचाही वरण जास्त खाल्लेलं नाही. डाळ फक्त दुकानातल्या गोणीतून घरातल्या डब्यात गेली. तरी मिलला वाटलं, मागणी पाचपट झाली. पुढच्या आठवड्यात डबे भरलेले असल्यामुळे कुणी डाळ घेत नाही आणि ऑर्डर शून्यावर येते. याला ‘बुलव्हिप इफेक्ट’ म्हणतात, म्हणजे चाबकाचा परिणाम. बैल हाकताना मूठ जराशी हलते, पण वादीचं टोक केवढं मोठं वळण घेतं, तसंच हे.

मिठाचं उदाहरण तर अगदी ताजं वाटेल. ११ नोव्हेंबर २०१६ ला, नोटाबंदीनंतर तीनच दिवसांनी, दिल्ली, उत्तर प्रदेश आणि इतर ठिकाणी मीठ संपणार अशी अफवा फोनवरून पसरली. लोकांनी रांगा लावल्या, काही ठिकाणी मीठ किलोला २०० रुपयांच्या वर विकलं गेलं. मिठाच्या उत्पादनात आपला देश जगात पहिल्या काही देशांत आहे. सरकारनं तुटवडा नाही असं त्याच दिवशी जाहीर केलं. मीठ होतंच, ते फक्त एका संध्याकाळी सगळ्यांना एकदम हवं झालं.

टंचाईनंतर भरमार: २०१७ चा धडा

चाबकाचा परिणाम दुकानात आठवड्यांत दिसतो. शेतात तो वर्षाच्या अंतरानं दिसतो, आणि तिथं फटका जास्त जोरात बसतो.

ऑनलाइन गेम लॅग होतो तेव्हा काय होतं आठवा. तुम्ही बटण दाबता, स्क्रीनवर काही हलत नाही, म्हणून परत दाबता, परत दाबता. मग सगळ्या उड्या एकदम होतात आणि गडी दरीत. शेतीत हा लॅग साडेपाच-सहा महिन्यांचा आहे. ऑक्टोबर २०१५ चा भाव बघून निर्णय घेतला, तरी त्याची पेरणी जून २०१६ मध्ये आणि माल डिसेंबर-जानेवारीत. मधल्या काळात देशभरातले लाखो शेतकरी तोच भाव बघून तोच निर्णय घेतात, आणि दुसऱ्यानं काय पेरलं हे कुणालाच वेळेत दिसत नाही.

२०१६ मध्ये पाऊस चांगला झाला. देशात तुरीचं उत्पादन २५.६ लाख टनांवरून सुमारे ४८.७ लाख टनांवर गेलं, जवळपास दुप्पट. सरकारनं बोनस धरून हमीभाव क्विंटलला ५,०५० रुपये जाहीर केला होता. पण बाजारात भाव त्याच्या बराच खाली, काही ठिकाणी ४,००० रुपयांच्याही खाली आला. हमीभाव खरेदी केंद्रांसमोर ट्रॅक्टर आणि टेम्पोंच्या रांगा लागल्या. शेतकरी रात्री-रात्री तिथंच गाडीखाली झोपले. आणि अनेक केंद्रांवर खरेदी कशामुळे थांबली माहीत आहे? बारदाना संपला म्हणून! तूर होती, घेणारं सरकार होतं, भाव ठरलेला होता, पण भरायला गोण्या नव्हत्या. एवढ्या मोठ्या साखळीत सगळ्यात स्वस्त वस्तू कमी पडली आणि साखळी अडली.

सप्लाय चेनबद्दल एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. साखळीचा वेग तिच्यातल्या सगळ्यात हळू कडीएवढाच असतो.

सरकारला साठा कसा कळतो?

अत्यावश्यक वस्तू कायदा १९५५ चा आहे. त्याखाली सरकार साठ्याची मर्यादा लावू शकतं. २ जून २०२३ ला तूर आणि उडदासाठी अशी मर्यादा लागली: ठोक व्यापाऱ्याला प्रत्येक डाळीचे २०० टन, किरकोळ दुकानाला ५ टन, आणि आयातदारानं कस्टममधून माल सुटल्यावर ३० दिवसांपेक्षा जास्त तो धरून ठेवायचा नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये ठोक व्यापाऱ्याची मर्यादा ५० टनांवर आणली. व्यापाऱ्यांनी आपला साठा ग्राहक व्यवहार विभागाच्या पोर्टलवर स्वतः भरायचा होता.

इथं इंजिनिअर म्हणून एक गोष्ट सांगतो. पोर्टल कितीही चांगलं असलं तरी त्यात जो आकडा भरला जातो तोच ते दाखवतं. माणसानं स्वतः भरलेला साठा आणि गोदामातला साठा यांत फरक असू शकतो. शेतकऱ्याच्या घरातली तूर, छोट्या खेडा खरेदीदाराकडची तूर, वाटेत ट्रकमध्ये असलेली तूर, यांतलं बरंचसं कुठल्याच पडद्यावर येत नाही. म्हणून छापे आणि तपासणी ही ‘जुनी’ पद्धत अजूनही लागते.

तुमच्या फोनवरून काय करता येईल?

१. *भाव एकटा बघू नका, आवकही बघा.* महाराष्ट्र राज्य कृषी पणन मंडळाच्या वेबसाइटवर आणि केंद्राच्या ॲगमार्कनेटवर रोजची आवक, किमान, कमाल आणि सर्वसाधारण दर मिळतो. लातूर बाजार निवडा आणि तूर बघा. भाव वाढतोय आणि आवक घटतेय, तर माल खरंच कमी येतोय. भाव वाढतोय पण आवक तेवढीच आहे, तर साठेबाजी, बाहेरची मागणी किंवा नुसती हवा असू शकते.

२. *‘कमाल दर’ पाहून हुरळू नका.* तो एखाद्या उत्तम प्रतीच्या थोड्या मालाला मिळालेला असतो. सर्वसाधारण दर जास्त खरं बोलतो. ग्रुपवर फिरणाऱ्या स्क्रीनशॉटमध्ये बहुतेक वेळा कमाल दरच असतो.

३. *किरकोळ भावाची खात्री करा.* ग्राहक व्यवहार विभाग देशभरातल्या केंद्रांवरून रोजचे भाव गोळा करतो. ऑगस्ट २०२४ पासून ही यादी २२ वस्तूंवरून ३८ वर गेली आहे. तुमच्या दुकानातला भाव त्यापेक्षा फारच वेगळा असेल, तर अडचण देशात नाही, तुमच्या गल्लीत आहे.

४. *‘संपणार आहे’ असा मेसेज पुढं पाठवू नका.* वरचं गणित आठवा. दुप्पट खरेदीची पाचपट ऑर्डर होते. ज्याच्याकडे महिन्याचा किराणा भरायला पैसे आहेत तो डबे भरतो, आणि रोजच्या मजुरीवर रोज पावशेर डाळ घेणाऱ्याला रिकामी बरणी दिसते. टंचाईचा पहिला फटका नेहमी त्यालाच बसतो.

५. *घरी शेती असेल तर मागच्या वर्षीचा भाव हा या वर्षीचा अंदाज समजू नका.* पेरणीच्या आधी देशात पेरा किती होतोय आणि आयात खुली आहे की नाही, हे बघा. काढणीच्या वेळी भाव पडलेला असेल तर पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना आहे. बाजार समितीच्या गोदामात माल ठेवून त्याच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा महिन्यांसाठी ६ टक्के व्याजानं मिळते. आपली बाजार समिती ती राबवते का, एवढं आधी विचारून घ्या.

थोडक्यात

‘आउट ऑफ स्टॉक’ या तीन शब्दांमागं पाऊस असू शकतो, बंदर असू शकतं, गोणी असू शकते, किंवा आपणच दाबलेलं ‘ॲड टू कार्ट’ असू शकतं. ॲप यातलं कारण सांगत नाही. पण आवक आणि भाव हे दोन आकडे सोबत वाचायची सवय लागली, तर बरंचसं आपलं आपल्याला कळतं. आणि आपल्या मराठवाड्यात हे कळणं दुहेरी गरजेचं आहे, कारण इथं बऱ्याच घरांत डाळ विकत घेणारा आणि तूर विकणारा माणूस एकच असतो. २०१५ मध्ये २०० रुपयांनी डाळ घेतलेल्या घरानंच २०१७ मध्ये ४० रुपयांनी तूर विकली.

लेख उपयोगी वाटला तर घरच्या ग्रुपवर पाठवा, खास करून जिथं ‘आत्ताच भरून ठेवा’ असे मेसेज येतात तिथं. पुढच्या लेखात बघू, क्यूआर कोडवरून एखाद्या पाकिटाचा माग कसा काढतात.